रेपॉझिटरी पाहिली, पण इन्स्टॉल झाले ते पॅकेज

नवी जावास्क्रिप्ट लायब्ररी प्रकल्पात घ्यावी की नाही हे ठरवताना बहुतेक डेव्हलपर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील तिचे पान, म्हणजे रेपॉझिटरी, उघडतात, रीडमी ही माहितीची फाइल वाचतात, शेवटची कमिट (बदलाची नोंद) कधीची आहे ते पाहतात, दोन-चार फाइली चाळतात आणि समाधान झाले की टर्मिनलमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा देतात. ती आज्ञा एरवी गिटहबकडे जातच नाही. ती एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेज व्यवस्थापकाच्या रजिस्ट्रीकडे, म्हणजे प्रकाशित पॅकेजांच्या साठ्याकडे, जाते आणि तेथून टारबॉल नावाचा एक गठ्ठा उतरवून घेते. म्हणजे पारख झाली रेपॉझिटरीची आणि प्रकल्पात आले पॅकेज. दोहोंचे नाव बहुधा एकच असल्यामुळे ही अदलाबदल लक्षात येत नाही.

रेपॉझिटरी म्हणजे कोडचा इतिहास: कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद. पॅकेज म्हणजे मेंटेनरने, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याने, ‘एनपीएम पब्लिश’ म्हटले त्या क्षणी त्याच्या फोल्डरमध्ये जे होते, त्यातून निवडलेल्या फाइलींचा गठ्ठा. त्या फाइली कमिट केलेल्या आहेत की नाहीत, याची चौकशी पब्लिशची आज्ञा करत नाही. कोणत्या फाइली गठ्ठ्यात जाव्यात हे पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहितीच्या फाइलीतील ‘फाइल्स’ या नोंदीवरून किंवा काय वगळायचे ते सांगणाऱ्या एनपीएमइग्नोर फाइलीवरून ठरते. पुष्कळ प्रकल्पांत बिल्ड होऊन, म्हणजे मूळ कोडवर प्रक्रिया होऊन, तयार झालेले ‘डिस्ट’ फोल्डर गिटमधून (रेपॉझिटरीचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीतून) मुद्दाम वगळलेले असते आणि पॅकेजमध्ये मात्र तेवढेच पाठवले जाते. अशा वेळी आपण वाचलेली एकही फाइल प्रत्यक्षात चालत नाही आणि जी चालते ती आपण पाहिलेली नसते.

एनपीएमच्या पानावर रेपॉझिटरीचा दुवा दिसतो, त्यामुळे हे नाते कोणीतरी तपासून दिले असावे असे वाटते. वस्तुतः तो दुवा पॅकेजच्या लेखकाने स्वतः लिहिलेला साधा मजकूर असतो. एखाद्या नामांकित प्रकल्पाचा पत्ता तेथे टाकला, तरी पॅकेज प्रकाशित होण्यात त्यामुळे अडचण येत नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो हे 2018 साली इव्हेंट-स्ट्रीम प्रकरणात दिसले. या लोकप्रिय पॅकेजची जबाबदारी नव्या मेंटेनरकडे गेली आणि त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम ही एक लहानशी डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारे दुसरे पॅकेज, जोडली. तिच्या गिटहबवरील कोडमध्ये संशयास्पद काही नव्हते. बिटकॉइन वॉलेटमधील पैसे चोरण्यासाठी लिहिलेला भाग होता तो एनपीएमवरच्या मिनिफाय केलेल्या, म्हणजे आक्रसून वाचायला अवघड झालेल्या, फाइलीत. ऑक्टोबर 2021 मध्ये यूए-पार्सर-जेएसच्या बाबतीत तर मेंटेनरचे एनपीएम खातेच हॅक झाले आणि 0.7.29, 0.8.0 व 1.0.0 या तीन दूषित आवृत्त्या थेट रजिस्ट्रीवर आल्या. ज्याने त्या दिवशी फक्त रेपॉझिटरी पाहिली असेल, त्याला सारे ठीकच दिसले असणार.

अर्थात रोजच्या कामात घातपातापेक्षा साधी गफलतच अधिक होते. एखादा दोष गिटहबवरील इश्यूमध्ये, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, टिपलेला असतो, दुरुस्ती मुख्य शाखेत विलीन होते, इश्यू बंद होतो, आणि आपण ताजी आवृत्ती इन्स्टॉल केली तरी दोष जागच्या जागी असतो, कारण दुरुस्तीनंतर नवी आवृत्ती प्रकाशितच झालेली नसते. रीडमीचेही तसेच आहे. गिटहबवरील रीडमी मुख्य शाखेचे वर्णन करते, आणि तिच्यात दिलेला पर्याय हाती आलेल्या आवृत्तीत असेलच असे नाही. मी एकदा असाच एक पर्याय चालत का नाही हे शोधण्यात अख्खी दुपार घालवली होती. एनपीएमच्या पानावरची रीडमी आवृत्तीबरोबर आलेली असते. तीच आधी वाचली असती तर ती दुपार वाचली असती.

डिपेंडन्सींच्या बाबतीत हा भेद अधिक सूक्ष्म आहे. रेपॉझिटरीत लॉकफाइल, म्हणजे डिपेंडन्सींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, असते, त्यामुळे मेंटेनरच्या चाचण्या ठरावीक, गोठवलेल्या आवृत्त्यांवर चालतात आणि त्या उत्तीर्ण झाल्याचा हिरवा बॅज मिळतो. पॅकेज-लॉक ही लॉकफाइल मात्र गठ्ठ्यात जात नाही. आपल्याकडे इन्स्टॉल होताना कॅरेट (^) चिन्हाने दिलेल्या मर्यादेत जी नवी आवृत्ती बसेल ती येते, आणि त्या जोडीवर मेंटेनरने कधी चाचणी घेतलेली असेलच असे नाही. याच्या उलट चूकही होते. रेपॉझिटरीवर सुरक्षेचे इशारे पाहून काही जण लायब्ररी बाद करतात, पण ते इशारे पुष्कळदा केवळ विकासासाठी लागणाऱ्या साधनांबद्दल असतात आणि ती साधने वापरणाऱ्याकडे इन्स्टॉल होत नाहीत.

कोणता आकडा कशाचा, हेही ध्यानात ठेवावे: स्टार (गिटहबवरील पसंतीच्या खुणा) रेपॉझिटरीचे, डाउनलोड पॅकेजचे. त्यातही डाउनलोडमध्ये स्वयंचलित बिल्ड यंत्रणांनी केलेली उचल मोजली जाते, म्हणून तो माणसांचा आकडा समजू नये.

एका गोष्टीत मात्र पॅकेज रेपॉझिटरीपेक्षा भरवशाचे आहे. गिटमधला टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, हलवता येतो, इतिहासही पुन्हा लिहिता येतो. एनपीएमवर एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक, ती आवृत्ती काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही. 2023 पासून एनपीएमवर प्रोव्हेनन्सची सोयही आहे. ती वापरलेली असेल तर गठ्ठा कोणत्या कमिटवरून आणि कोणत्या बिल्ड प्रक्रियेतून तयार झाला हे पॅकेजच्या पानावर दिसते. यातून दोन वस्तूंमधले नाते सिद्ध होते. कोड चांगला आहे की वाईट, याबद्दल प्रोव्हेनन्स काही सांगत नाही.

ज्या पॅकेजला प्रोव्हेनन्स नाही, त्याचा गठ्ठा स्वतः उघडावा. ‘एनपीएम पॅक’ या आज्ञेला पॅकेजचे नाव दिले की ते इन्स्टॉल न होता टारबॉल उतरतो, आणि तो सोडवला की ‘पॅकेज’ नावाचे फोल्डर मिळते. त्यात पॅकेज डॉट जेसनमधील ‘स्क्रिप्ट्स’ आधी पाहाव्यात, विशेषतः इन्स्टॉलच्या आधी व नंतर आपोआप चालणाऱ्या प्रीइन्स्टॉल आणि पोस्टइन्स्टॉल. यूए-पार्सरच्या दूषित आवृत्त्यांनी याच मार्गाचा उपयोग केला होता. मग ‘मेन’ किंवा ‘एक्सपोर्ट्स’ ज्या फाइलीकडे बोट दाखवतात ती फाइल उघडावी. पुढे आवृत्ती बदलताना ‘एनपीएम डिफ’ वापरता येते. ती आज्ञा रजिस्ट्रीवरील दोन गठ्ठ्यांतला फरक ओळीओळीने दाखवते.