प्रायमर (काडतुसाची टोपी)

प्रायमर : काडतुसाच्या बुडाशी घट्ट बसवलेली धातूची इवलीशी वाटी. फायरिंग पिनेचा ठोका बसताच तिच्यातले स्फोटक पेटते, ज्योत छिद्रातून पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) शिरते आणि दारू जळू लागते. बोलीत हिला टोपी म्हणतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत तोड्याच्या बंदुका बनत. त्यात जळती वात दारूला टेकवावी लागे. पुढे गारगोटीची ठिणगी आली. मात्र ती चमकताच पक्षी उडून जात. या अडचणीतून स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फोरसाइथ यांनी ठोक्याने पेटणारे मिश्रण वापरले व १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ठासणीच्या बंदुकीची टोपी त्याच वाटेने आली आणि काडतुसाच्या पोटात गेली.

आजचे दोन मुख्य प्रकार १८६६ च्या सुमारास घडले. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण (जिच्यावर ठोक्याने स्फोटक चिरडते तो कठीण भाग) टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी सहज निघते. अमेरिकी हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असून छिद्रे बहुधा दोन असतात. हाताने काडतुसे भरणारे म्हणूनच बॉक्सर पसंत करतात. गंमत अशी, की अमेरिकेत ब्रिटिशाची रचना रुळली आणि युरोपात अमेरिकनाची.

निवडीत पहिला प्रश्न मापाचा. रायफलीच्या लहान टोपीचा व्यास ०.१७५ इंच, मोठीचा ०.२१० इंच. पिस्तुलाची टोपी याच व्यासाची असली तरी तिचा पत्रा पातळ असतो; रायफलीच्या दाबाला तो फाटून तप्त वायू मागे येऊ शकतो. मोठ्या मापात तर उंचीही वेगळी. म्हणून व्यास जुळला की काम झाले, हा समज घातक आहे. स्वयंचलित भरणीच्या काही रायफलींत पिन मोकळी असते. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) पुढे आदळताना ती टोपीला टेकते. तिथे कठीण पत्र्याची टोपी लागते, नाहीतर चाप न दाबताच बार उडण्याचा धोका.

मॅग्नम टोपीची ज्योत अधिक तप्त असते. मोठ्या पुंगळीतली सावकाश जळणारी दारू आणि कडाक्याची थंडी हे तिचे खरे क्षेत्र. थंड देशांतला सल्ला गोव्यात जसाच्या तसा उचलू नये. इथे हिवाळ्यातही थंडी मवाळ असते. उलट, उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या काडतुसाचा दाब वाढू शकतो. भरणीच्या तक्त्यात (कोणत्या काडतुसाला कोणती टोपी आणि किती दारू ते सांगणाऱ्या) दिलेली टोपीच वापरावी. ब्रँड बदलला तरी दाब बदलतो, आणि मग दारूचे प्रमाण कमीत कमीपासून पुन्हा तपासावे लागते. चपटी झालेली, फुटलेली किंवा पिनेभोवती कड उठलेली टोपी ही जास्त दाबाची शक्य खूण आहे. ती दिसताच थांबावे.

जून ते सप्टेंबर गोव्याची हवा ओलसर. टोप्या मूळ खोक्यातच कोरड्या जागी ठेवाव्यात. त्या बाटलीत एकत्र ओतू नयेत : एक पेटली तर सगळ्या एकदम उडतात.

सत्तरी, सांगे, काणकोण भागांत शेताच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत. पण बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत काडतुसांचे भागही दारूगोळ्यात येतात, आणि तो बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो.