तापवलं आणि आकसलं!

गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे न्यू जर्सीला होतो. तिथे हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या महिनाभर आधीपासून घरोघरच्या अंगणात सापळे, थडगी आणि कोळिष्टकं दिसायला लागतात. (आपल्याकडे कोळिष्टकं दिसली की घरातल्या बाईला बोल लागतो, तिथे ती विकत आणतात.) नातवाला ममी हवी होती आणि तीही 'खरीखुरी दिसणारी'. जावयांनी प्लास्टिकचा एक सापळा गराजबाहेर फळीवर आडवा ठेवला. रंगकाम करताना फरशी झाकायला वापरतात ते पातळ, पारदर्शक प्लास्टिक त्याला दोन पदरी गुंडाळलं आणि हीट गन, म्हणजे कडक गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, सुरू केली. सैल लोंबणारं प्लास्टिक आधी थरथरलं, मग बघता बघता बरगड्यांच्या खाचांत ओढलं गेलं. गालफडं बसली. वाळलेली कातडी हुबेहूब!

"आजोबा, गरम केल्यावर वस्तू मोठ्या होतात ना? मग हे लहान कसं झालं?" नातवाने विचारलं. जावई म्हणाले, "त्यातलं पाणी उडून गेलं." जावयांना चूक म्हणायचं नसतं, म्हणून मी नातवाकडे बघून बोलायला लागलो.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन. त्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या हजारो कड्यांची साखळी. अशी साखळी मोकळी सोडली तर ती कधीच सरळ राहत नाही, तिचा गुंता होतो. तिला आत ओढणारं कोणी नसतं, हा केवळ मोजणीचा खेळ आहे. पूर्ण सरळ राहण्याची तऱ्हा एकच, गुंतून पडण्याच्या तऱ्हा मात्र अगणित. उष्णतेचे धक्के खात साखळी सतत हलत असली की ती जवळजवळ नेहमी या दुसऱ्या गटातच सापडणार. दहा हजार कड्यांची साखळी ताणली तर दहा हजार कड्यांइतकी लांब. मोकळी सोडली तर तिच्या दोन टोकांतलं अंतर ढोबळमानाने दहा हजारांच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे फक्त शंभर कड्या. झोकांड्या खाणाऱ्या दारुड्याचं गणितही हेच: दहा हजार पावलं टाकूनही तो गुत्त्यापासून साधारण शंभर पावलांवरच असतो. 'किती तऱ्हांनी' या संख्येच्या लॉगॅरिदमला एका स्थिरांकाने गुणलं की मिळते एन्ट्रॉपी. भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमनच्या व्हिएन्नातल्या थडग्यावर 'एस = के लॉग डब्ल्यू' हे सूत्र कोरलेलं आहे. थडग्यांच्या सजावटीत मला तरी तेच सर्वांत आवडतं.

मग गुंडाळीतलं प्लास्टिक आधीच का आकसत नाही? कारण ते बनतानाच ताणलेलं असतं. वितळलेल्या पॉलिथिनची नळी फुग्यासारखी फुगवतात, वर ओढतात आणि झटपट थंड करतात. साखळ्या ताणल्या जातात आणि गुंता व्हायच्या आत त्यांचे बारीक स्फटिक बनून त्या जागच्या जागी अडकतात. अंबाड्याला आकडे खोचावेत तशा. हे आकडे सुटायला 110 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. नातवाने आधी केस वाळवायचा ड्रायर लावून पाहिला होता, त्याने फारसं काही झालं नव्हतं ते म्हणूनच.

आणि शाळेतला नियमही खोटा नाही. या प्लास्टिकची लांबी-रुंदी घटली, पण जाडी वाढली. गार झाल्यावर चिमटीत धरलं तर लगेच कळतं. तापलेलं असताना त्याचं एकूण आकारमान किंचित वाढलेलंच होतं. हीट गन एका जागी रेंगाळली की भोक पडतं आणि चहूबाजूंनी आकसणारं प्लास्टिक त्या भोकाच्या कडा मागे ओढत नेतं. आमच्या ममीच्या पोटाला असंच वीतभर भगदाड पडलं. ते शोभलं.

साखळ्यांच्या गुंत्याचा हाच खेळ घरी रबरबँडवर करून बघा. पटकन ताणून ओठाला लावा: कोमट. ताणून थोडा वेळ धरा, एकदम सैल सोडा, परत ओठाला लावा: गार. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या जॉन गॉफ या अंध अभ्यासकाने हे 1805 च्या सुमारास ओठांनीच टिपलं होतं. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जूलने त्याची मोजमापं घेतली.

खऱ्या ममीचं कातडं मात्र जावई म्हणाले तसं, पाणी गेल्यामुळेच आकसतं. इजिप्तमध्ये देह सुमारे चाळीस दिवस नेट्रॉनमध्ये ठेवत. नेट्रॉन म्हणजे मुख्यतः धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, सोबत थोडं मीठ. तिथल्या वादी नत्रून या खोऱ्यात ते मिळे. आपल्या लोणारच्या पाण्यातही याच जातीचे क्षार आहेत. इजिप्तचा राजा तुतनखामुन याचं थडगं उघडणाऱ्यांना शाप लागला म्हणतात, त्या शापाबिपाचं म्हणाल तर त्या उत्खननाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्वन 1923 मध्ये डासाच्या चाव्यावर वस्तरा लागून झालेल्या जंतुसंसर्गाने गेले. ते थडगं शोधणारा हॉवर्ड कार्टर मात्र 1939 पर्यंत जगला. शापाला सोळा-सतरा वर्षं त्याचा पत्ता सापडला नसावा.

करून बघायचं असेल तर उघड्यावर करा, आणि पीव्हीसी वापरू नका. ते जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. शेवटी आम्ही लाकडाला लावायचं तपकिरी स्टेन फडक्याने चोळलं. ते सुरकुत्यांत साचतं आणि ममी एका रात्रीत तीन हजार वर्षांची होते. पण ती तेलकट फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं आणि बोळ्यात उष्णता कोंडून आपोआप पेट घेऊ शकतं. आम्ही ती कुंपणावर एकेक पसरून वाळत घातली. संध्याकाळी शेजारीण आली, तिने ममीकडे बघितलंही नाही. त्या फडक्यांचीच तारीफ करून गेली.