शस्त्रदिव्यातील स्ट्रोब

पिस्तूल, रायफल किंवा शॉटगनवर बसवलेल्या दिव्याचा झोत स्थिर न ठेवता सेकंदाला साधारण १० ते २० वेळा उघडझाप करत टाकण्याची सोय. समोरच्याचे डोळे दिपावेत, त्याला नेम धरता येऊ नये आणि प्रकाशामागचा माणूस किती लांब आहे याचा अंदाज चुकावा, हा तिचा हेतू. ही सोय कितपत कामाची, यावर प्रशिक्षकांत जुना वाद आहे. हातातल्या विजेरीत स्ट्रोबला थोडी जागा आहे. बंदुकीवर मात्र तो फायद्यापेक्षा अडचणच जास्त करतो, असे त्याची कार्यपद्धती नीट पाहिल्यावर दिसते.

लुकलुकत्या प्रकाशाने शत्रूला दिपवण्याची कल्पना शस्त्रदिव्यांहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी रणगाड्याच्या बुरुजात कार्बन-आर्क दिवा बसवला होता. गुप्तता राखण्यासाठी त्याला ‘कॅनल डिफेन्स लाइट’ असे साळसूद नाव दिले. अरुंद उभ्या फटीतून झोत बाहेर पडे आणि फटीवरची झडप भराभर उघडमीट करून तो लुकलुकवता येई. हे रणगाडे मोठ्या संख्येने तयार झाले, पण दिपवण्याच्या मूळ कामासाठी त्यांचा फारसा उपयोग झालाच नाही. मार्च १९४५ मध्ये जर्मनीतील रेमागेनच्या पुलाजवळ त्यांनी ऱ्हाइन नदीचे पात्र उजळून ठेवले, म्हणजे साध्या प्रकाशझोताचेच काम केले.

छोट्या दिव्यात स्ट्रोब आला तो एलईडीमुळे. तारेचा बल्ब विझवला तरी तार क्षणभर तापलेली राहते, त्यामुळे सेकंदाला १०–१५ वेळा तो स्वच्छ विझत नाही. एलईडी मायक्रोसेकंदांत विझतो, आणि उघडझाप हे केवळ सर्किटचे काम उरते. बंदुकीवर दिवा अडकवण्यासाठी अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये प्रमाणित केलेली एमआयएल-एसटीडी-१९१३ ही खाचांची पट्टी तोवर रूढ झालेली होती. २००० नंतरच्या दशकात ग्लॅडियस या हातविजेरीने स्ट्रोबचा गाजावाजा केला आणि ती सोय पुढे शस्त्रदिव्यांतही आली.

दिपण्यामागचे कारण डोळ्याच्या पडद्यात आहे. तिथल्या, अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या शलाका पेशींतले ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य तीव्र प्रकाशात विघटित होते आणि अंधाराला डोळा पुन्हा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. पण हे घडते प्रकाशाच्या तीव्रतेमुळे. उघडझाप त्यासाठी लागत नाही. ५०० ल्युमेनचा (ल्युमेन हे दिव्याच्या प्रकाशाचे माप) स्थिर झोत अंधारात जवळून डोळ्यांत गेला, तर माणूस हात आडवा धरतो आणि मान फिरवतो. सेकंदाला ८–१० वेळा लुकलुकणारा प्रकाश तितक्याच तीव्रतेच्या स्थिर प्रकाशापेक्षा अधिक झगझगीत भासतो, हे खरे. या परिणामाला ब्रुके-बार्टली परिणाम म्हणतात. फिरत्या पात्यांतून येणाऱ्या उन्हामुळे हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना कधीकधी भोवळ येते, तेही स्ट्रोबच्या बाजूने सांगितले जाते. मात्र अशी भोवळ यायला काही काळ लुकलुक सहन करावी लागते. दार उघडून समोरासमोर आलेल्या दोन माणसांकडे तेवढा वेळ नसतो.

आता दिव्याच्या मागच्या बाजूने पाहू. बंदुकीवरच्या दिव्याचे पहिले काम ओळख पटवणे हे आहे: समोर कोण आहे, आणि त्याच्या हातात काय आहे. सेकंदाला १२ वेळा लुकलुकणारा, निम्मा वेळ विझलेला दिवा घेतला, तर प्रत्येक अंधारी फट सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते. खिशातून निघणारा हात सेकंदाला २ मीटर वेगाने हलत असेल, तर तेवढ्यात तो ८ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. पाहणाऱ्याला सलग हालचाल न दिसता सुटी, गोठलेली चित्रे दिसतात: हात खिशापाशी, हात पोटापाशी, हात छातीपाशी आणि मुठीत काहीतरी काळे. ते फोन आहे की पिस्तूल, हे ज्या क्षणी कळायला हवे, नेमक्या त्याच क्षणी दिवा अर्धी माहिती गिळतो. खेळाडूंना मुद्दाम अवघड सराव देण्यासाठी नजर क्षणोक्षणी अडवणारे स्ट्रोब चष्मे वापरतात, ते याच तत्त्वावर. त्यांतून साधा चेंडू झेलणेही कठीण जाते. एरवी सरावासाठी घालतात ती अडचण गोळी झाडायची की नाही हे ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपण होऊन आणू नये. शिवाय पांढरी भिंत, आरसा, धूर किंवा धुके असेल तर तीच लुकलुक उलटून वापरणाऱ्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या डोळ्यांत येते.

याहून मोठा आक्षेप रोखाचा आहे. शस्त्रदिवा जिकडे वळतो तिकडे नळीचे तोंड वळते. गर्दी मागे हटवणे, गाडी थांबवणे, साथीदाराला खूण करणे, एखाद्याला जागीच थबकवणे ही स्ट्रोबची चांगली कामे गोळी झाडण्याचा निर्णय होण्यापूर्वीची आहेत. त्या वेळी समोरच्यावर बंदूक रोखलेली असणे हाच धोका असतो. म्हणून ती कामे हातविजेरीची.

प्रकाशसंवेदी अपस्माराचा, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशाने फिट येण्याच्या आजाराचा, विचार तर क्वचितच होतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक अशा रुग्णाला झटका आणू शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात दूरचित्रवाणीवरील एका कार्टून मालिकेत लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लखलखला आणि ६००हून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. झटका आलेला माणूस ‘हात वर’ हा हुकूम पाळू शकत नाही, आणि बंदूक रोखलेल्याला ती अवज्ञा वाटू शकते.

स्विचची गोष्ट थोडक्यात. अनेक दिव्यांत स्ट्रोब लागतो तो बटण लागोपाठ दोनदा दाबल्यावर. घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताची बोटे बारीक कामे नीट करत नाहीत. स्थिर प्रकाश हवा असताना लुकलुक सुरू होते आणि ती थांबवण्यात मौल्यवान क्षण जातात. स्ट्रीमलाइट या कंपनीच्या टीएलआर-१ एचएल या शस्त्रदिव्यामध्ये स्ट्रोब आहे, पण वापरणाऱ्याला तो कायमचा बंद ठेवता येतो. शुअरफायर या कंपनीच्या एक्स३०० अल्ट्रामध्ये तो मुळातच नाही. बंद ठेवायची सोय असेल तर ती वापरावी, आणि बॅटरी बदलल्यावर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून बटण दोनदा दाबून स्ट्रोब बंदच आहे ना, हे पाहावे.