हाताने केलेले सर्व्हर बदल कोडमध्ये आणणं

चालू सर्व्हरवर कोणीतरी एसएसएचने (दुरून लॉगइन करून) शिरून थेट केलेला बदल हुडकायचा आणि तो पपेट, शेफ, सॉल्ट, अँसिबल या सर्व्हरची मांडणी कोडवरून करणाऱ्या टूल्सपैकी जे वापरात असेल त्याच्या कोडमध्ये नीट लिहायचा, म्हणजे पुढच्या रनला तो पुसला जात नाही आणि उद्या नवीन मशिन उभं केलं तरी तिथे आपोआप येतो, असं हे काम आहे. कॉन्फिगरेशन ड्रिफ्ट, म्हणजे कोडमध्ये लिहिलेली आणि मशिनवर खरी असलेली स्थिती यांच्यात हळूहळू पडत जाणारी तफावत, या विषयात ते मोडतं.

याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक लेखक मार्क बर्जेस यांच्या सीएफइंजिनपासून (ऑस्लो विद्यापीठ, १९९३) धरतात. पण सीएफइंजिनचा भर बदल टिपण्यावर नव्हता, मशिन भरकटलं की त्याला परत ठरवलेल्या स्थितीकडे ओढायचं हा होता, म्हणजे हाताने केलेला बदल तिथे दुरुस्त करायची चूक समजला जायचा. फाइल बदलली हे पकडायची परंपरा वेगळी आहे, ती सिक्युरिटीकडून आली. पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी १९९२ च्या सुमारास केलेलं ट्रिपवायर हे तिचं ठळक उदाहरण. या दोन धारा एकत्र आल्या तेव्हाच आजचं काम शक्य झालं, असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं.

तिसरं नाव स्टीव्ह ट्रॉगॉट यांचं. सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या २००२ च्या लिसा परिषदेत त्यांनी आणि लान्स ब्राउन यांनी मांडलं की मशिन सांभाळायच्या पद्धती तीन: भरकटू देणं, लक्ष्याकडे ओढत राहणं, आणि पहिल्यापासून तेच बदल त्याच क्रमाने करून मशिनं तंतोतंत सारखी ठेवणं. बर्जेस यांच्या मते प्रत्येक पायरी लक्ष्याकडे नेणारी असेल तर क्रमाला महत्त्व उरत नाही, ट्रॉगॉट म्हणतात क्रमच महत्त्वाचा. रोजच्या कामात बर्जेस यांचा मार्ग जिंकला, आजची बहुतेक टूल्स त्याच वाटेची आहेत. पण जुन्या मशिनवरचे बदल उचलायला बसलं की ट्रॉगॉट यांचं म्हणणं पटायला लागतं. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सचं साधं उदाहरण घ्या: पॅकेज अपडेट करून मग कॉन्फिग फाइल बदलली तर नवीन फाइलमध्ये आपला बदल असतो, आधी फाइल बदलून मग अपडेट केलं तर बऱ्याचदा जुनीच फाइल तशी राहते आणि नवीन फाइल शेजारी .आरपीएमन्यू नावाने पडून असते. दोन्ही मशिनवर पॅकेजची आवृत्ती एकच, आपण बदललेली ओळ एकच, फाइल मात्र वेगळी.

शोधायची साधनं बरीच आहेत आणि प्रत्येकाला आंधळी जागा आहे. आरपीएमची (रेड हॅटकडच्या पॅकेज व्यवस्थेची) व्हेरिफाय कमांड पॅकेजमधून आलेल्या प्रत्येक फाइलचा आकार, चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा), परवानग्या, वेळ ताडून बघते आणि कॉन्फिग फाइल असेल तर तशी खूण करते, पण युझर-लोकलमध्ये हाताने कंपाइल करून टाकलेलं काही तिच्या गावीही नसतं. डेबियनवर असंच तपासणारं डेबसम्स नुसतं चालवलं तर कॉन्फिग फाइली वगळूनच तपासतं, त्यामुळे सगळं आलबेल आहे असा भलता समज होतो, त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. जोई हेस यांचं ईटीसीकीपर (साधारण २००७) कॉन्फिग फाइली असतात ती पूर्ण ईटीसी डिरेक्टरी गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवतं, मालकी-परवानग्यांसकट, आणि जे काही टिपलं गेलं नाही तिथे निदान इतिहास तरी मिळावा म्हणून ते प्रत्येक मशिनवर असावंच असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. पण युझरची क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी चालवायच्या कामांची यादी) व्हार-स्पूलमध्ये राहते, ती ईटीसीकीपरला दिसत नाही. सगळ्यात फसवा बदल म्हणजे फक्त मेमरीत असलेला. समजा रात्री ट्रॅफिक वाढलं, कनेक्शन गळायला लागली, म्हणून कोणी सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने सोमॅक्सकॉन, म्हणजे रांगेत थांबू शकणाऱ्या कनेक्शनची मर्यादा, १२८ वरून (कर्नल ५.४ च्या आधीचा डिफॉल्ट) १०२४ केला. सर्व्हर सावरला, पण एकही फाइल बदललेली नाही म्हणून वरच्या कुठल्याच टूलला काही सापडत नाही आणि पुढच्या रीबूटला बदल गायब. त्यामुळे फाइल विरुद्ध चालू कर्नल अशी तुलना वेगळी करावीच लागते. फायरवॉलचे नियम सांभाळणाऱ्या फायरवॉल-डीमध्ये मात्र चालू नियम कायमचे करायची सोय थेट कमांडमध्येच दिलेली आहे.

टूलनुसार घाई किती हे बदलतं. पपेट एजंट (प्रत्येक मशिनवर बसवलेला पपेटचा प्रोग्रॅम) डिफॉल्टने दर ३० मिनिटांनी चालतो, म्हणजे त्याच्या ताब्यातल्या फाइलला हात लावला तर अर्ध्या तासात बदल उडतो. मात्र बॅकअप चालू असेल (पपेट ७ पासून तो डिफॉल्टने बंद असतो) तर जुनी प्रत फाइलबकेट नावाच्या पपेटच्या साठ्यात चेकसमखाली जपलेली असते आणि तिथून परत काढता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अँसिबल कोणी चालवलं तरच चालतं, त्यामुळे बदल महिनोन्महिने टिकतो आणि सगळे विसरल्यावर एके दिवशी जातो.

कोड आपोआप तयार करायचे प्रयत्नही झाले. पपेटमधली रिसोर्स कमांड (आधीचं नाव राल्श) मशिनवरचा युझर, पॅकेज, सर्व्हिस जशी आहे तशी पपेटच्या भाषेत छापून देते. २०१०-११ च्या सुमारास आलेलं ब्लूप्रिंट पूर्ण मशिन चाळून पपेट मॉड्यूल किंवा शेफ कुकबुक काढून द्यायचं, पुढे सुसेने मशिनरी नावाचं तपासणीचं टूल काढलं. पण असं निघालेलं आउटपुट हा कच्चा माल आहे. त्यात डिफॉल्टच असलेल्या शेकडो गोष्टी येतात, आणि कोणती ओळ कोणी मुद्दाम, कशासाठी बदलली हे त्यातून कळत नाही. म्हणून मूळ पॅकेजची फाइल आणि आत्ताची फाइल यांचा डिफ काढून फक्त तेवढाच फरक हाताने लिहायचा आणि कारण कमिट मेसेजमध्ये टाकायचं, ही पद्धत हळू असली तरी सरस आहे. शक्य तिथे मूळ फाइल न छेडता ड्रॉप-इन डिरेक्टरीत (मूळ फाइलसोबत वाचल्या जाणाऱ्या जोडफाइलींच्या जागी) छोटी वेगळी फाइल टाकावी, सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टिमडीची सर्व्हिस असेल तर ओव्हरराइड फाइल. आणि डिफ कमिट करण्याआधी त्यात डेटाबेसचा पासवर्ड आलाय का ते बघावंच, नंतर डिलीट केला तरी गिटच्या इतिहासात तो राहतोच. अशा गोष्टी कूटबद्ध करून ठेवायला अँसिबल व्हॉल्ट किंवा पपेटकडे हायेरा-इयामल आहे.

तपासणी म्हणून नोऑप किंवा चेक मोड (काहीही न बदलता काय बदललं असतं ते दाखवणारा रन), डिफसकट, आधी त्याच मशिनवर चालवतात, बदल शून्य दिसला पाहिजे. इथेही सावध राहावं, अँसिबल चेक मोडमध्ये शेल आणि कमांड मॉड्यूलचे टास्क सहसा वगळतं, म्हणजे शून्य दिसलं तरी सगळं तपासलं गेलंच असं नाही. कोरं मशिन फक्त कोडवरून उभं करून जुन्याशी ताडून बघणं हीच खरी परीक्षा.

क्लाउडवर हाच प्रश्न कन्सोलमधून केलेल्या क्लिकमुळे येतो. क्लाउडची रचना कोडवरून उभी करणाऱ्या टेराफॉर्ममध्ये इम्पोर्ट कमांड आधीपासून होती, पण ती फक्त स्टेटमध्ये (टेराफॉर्मच्या स्वतःच्या नोंदवहीत) नोंद करायची आणि कोड आपणच लिहायचा. २०२३ च्या १.५ आवृत्तीपासून इम्पोर्ट ब्लॉक आला आणि प्लॅन करताना कोडही तयार करून घेता येतो.