कोरियन भाषेतील विनंती

कोरियन भाषेत मदत मागण्याची किंवा एखादे काम करून देण्यास सांगण्याची रीत. तिचा सगळा भार क्रियापदाच्या शेवटावर असतो. आपल्याकडे ‘कृपया’ पाट्यांवर आणि उद्घोषणांत भेटते, घरात कोणी म्हणत नाही. कोरियनमध्येही रोजच्या बोलण्यात असा सुटा शब्द लागत नाही. ‘जेबाल’ हा शब्द आहे, पण तो काकुळतीचा, ‘पाया पडतो’ या जातीचा. नवशिके तो दुकानात पाणी मागतानाही वापरतात आणि समोरचा गोंधळतो.

मुख्य साधन म्हणजे ‘जुदा’, अर्थात देणे, हे सहाय्यक क्रियापद. ‘साजिन जोम च्चिगो जुसेयो’ या वाक्यात साजिन म्हणजे फोटो, जोम म्हणजे जरा, च्चिगो म्हणजे काढून आणि जुसेयो म्हणजे द्या. शब्दांचा क्रमसुद्धा मराठीच. (‘जु’मधला ज ‘जीव’मधला, ‘जुना’मधला नव्हे.) ‘जोम’ हे ‘जोगुम’चे, म्हणजे ‘थोडे’चे, आखूड रूप. आपल्या ‘जरा’सारखेच ते मापापेक्षा मार्दवासाठी येते. मदत मागायची तर ‘जोम दोवा जुसेयो’.

हे ‘देणे’ गाळले की अर्थ सरकतो. ‘आन्जुसेयो’ म्हणजे ‘बसा’: पाहुण्याला खुर्ची दाखवताना म्हणायचे, बसण्यात सोय त्याची. ‘आन्जा जुसेयो’ म्हणजे बोलणाऱ्यासाठी बसायचे. विमानातील कर्मचारी प्रवाशांना असे सांगतात. काम कोणाच्या भल्याचे, हे कोरियन माणूस क्रियापदातच सांगून मोकळा होतो.

‘जुसेयो’ आदरार्थी असले तरी आज्ञार्थीच. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाकडे मोठे काम असेल तर प्रश्न विचारणे बरे: ‘दोवा जुशिगेस्सोयो?’ म्हणजे ‘मदत कराल का?’ आणखी नरम हवे तर ‘दोवा जुशिल सु इस्सुसेयो?’, म्हणजे ‘मदत करू शकाल का?’ यांतला ‘शि’ हा आदराचा प्रत्यय. औपचारिक भाषणात आणि सूचनांत ‘दोवा जुशिप्शियो’ येते. मित्राला किंवा धाकट्या भावंडाला नुसते ‘दोवा ज्वो’ पुरते; हेच रूप साहेबांपुढे निघाले तर कठीण प्रसंग. पत्राच्या शेवटी किंवा एखादे काम कोणाच्या हाती सोपवताना ‘बुताक दुरिम्निदा’, म्हणजे ‘विनंती करतो’, असे म्हणतात. यातले ‘दुरिदा’ हे देण्याचेच नम्र रूप आहे: आपण थोरांना देतो तेव्हाचे.

मागण्याआधी हाक मारावी लागते, आणि खरी पंचाईत इथेच होते. ‘आपण’सारखे बिनधोक सर्वनाम कोरियनमध्ये नाही. ‘दांग्शिन’ शब्दकोशात सापडतो, पण अनोळखी माणसाला तो म्हटला तर भांडण उकरून काढल्यासारखे वाटते. म्हणून हुद्दा किंवा नाते वापरतात: शिक्षकांना ‘सोन्सेङनिम’, दुकानाच्या मालकाला ‘साजाङनिम’. खानावळीत वाढणाऱ्या प्रौढ बाईंना ‘इमो’ म्हणायची पद्धत आहे. इमो म्हणजे मावशी, तेव्हा मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. काहीच सुचले नाही तर ‘जोगियो’. अर्थ ‘तिथे’ असा, काम आपल्या ‘अहो’चे.

पुष्कळदा विनंती पुरी केलीच जात नाही. ‘च्वेसोङहान्देयो’, म्हणजे ‘माफ करा, पण…’, इथे थांबले की समोरचा स्वतःच ‘काय झाले?’ विचारतो. नकारही तसाच अर्धवट येतो. ‘जोम…’ एवढे म्हणून कोणी श्वास ओढला, तर काम होणार नाही असे समजावे.

‘ब्वा जुदा’ या जोडीची गंमत वेगळी. शब्दशः ती ‘पाहून देणे’. गृहपाठ किंवा अर्ज तपासून घ्यायला उपयोगी. पण पोलिसाने गाडी अडवल्यावर ‘हान बोनमान ब्वा जुसेयो’ म्हटले, तर अर्थ ‘या एका वेळी सोडून द्या’ असा होतो.

जिवावर बेतल्यावर हे सारे अदबीचे थर गळतात. तेव्हाची आरोळी ‘साराम साल्ल्यो!’, म्हणजे ‘माणूस वाचवा!’ दक्षिण कोरियात अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसाठी 119, तर पोलिसांसाठी 112 हा क्रमांक आहे.