‘पैसे असते तर…’: इंग्रजीचं जर-तर कुठे अडतं?

इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचा तक्ता बहुतेकांनी शाळेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासात पाठ केलेला असतो: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल. तरीही बोलायची वेळ आली की ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असं वाक्य तोंडून निघतं. शिक्षक त्याभोवती लाल गोल करतात आणि नियम पुन्हा सांगतात. ही चूक येते कुठून, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. ती निष्काळजीपणाची चूक नाही. मराठीचं व्याकरण शिस्तीने पाळल्यामुळे ती होते, आणि मराठीकडेच नीट पाहिलं तर ती सुटतेही.

आधी सगळ्यांना पडणारं कोडं घेऊ. ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्राइव्ह यू होम.’ गाडी आत्ता नाही, घरी सोडायचं आहे तेही आत्ताच. मग ‘हॅड’ हे भूतकाळी रूप कशाला? कारण क्रियापदाचा भूतकाळ नेहमी घड्याळातला भूतकाळ नसतो. भाषाशास्त्रज्ञ सबीन यात्रिदू यांनी २००० साली इंग्रजी आणि आधुनिक ग्रीकचा आधार घेऊन याची एक देखणी उपपत्ती मांडली. भूतकाळाचं रूप मुळात एवढंच सांगतं की ‘हे इथलं नव्हे’. ते काळाला लागू केलं तर ‘आत्ता’पासूनचं अंतर दिसतं, वस्तुस्थितीला लागू केलं तर खऱ्या जगापासूनचं.

मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. ‘आलोच’ म्हणून घराबाहेर पडणारा माणूस अजून गेलेलाही नसतो. साहेबांच्या दारात उभं राहून आपण ‘जरा विचारायचं होतं’ म्हणतो, तेव्हा विचारायची इच्छा सरलेली नसते. ‘होतं’ मुळे फक्त अदब येते. इंग्रजीतलं ‘आय वॉन्टेड टू आस्क’ नेमकं हेच करतं. आणि ‘उद्या पाऊस आला तर’ या शब्दांत ‘उद्या’ आणि ‘आला’ एकमेकांशेजारी सुखाने नांदतात. भूतकाळी रूप आणि भूतकाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपली जीभ लहानपणापासून जाणते.

अडचण पुढे आहे. ‘सुट्टी मिळाली तर मी कोल्हापूरला जाईन’ आणि ‘सुट्टी मिळाली असती तर मी कोल्हापूरला गेलो असतो’ ही वाक्यं पाहा. पहिल्यात शक्यता उघडी आहे, दुसऱ्यात मिटलेली. शाळेच्या व्याकरणात दुसऱ्याला संकेतार्थ म्हणतात. मराठी क्रियापदाचा कारभार ढोबळमानाने या दोन घरांत चालतो. इंग्रजीने मात्र तीन घरं केली आहेत: ‘इफ आय गेट लीव्ह, आय विल गो’, ‘इफ आय गॉट लीव्ह, आय वुड गो’ आणि ‘इफ आय हॅड गॉट लीव्ह, आय वुड हॅव गॉन’.

खरी मेख आहे ती मधल्या घरात. ‘लॉटरी लागली तर बंगला बांधीन’ हे मराठीत सरळ उघड्या शक्यतेच्या घरात बसतं, जणू ‘पगार झाला तर भाडं देईन’ इतकंच ते साधं आहे. वक्त्याला भरवसा नाही हे आपण ‘समजा’, ‘चुकूनमाकून’ किंवा नुसत्या सुरावरून ओळखतो. इंग्रजी ते क्रियापदातच मांडते: ‘इफ आय वन द लॉटरी, आय वुड बिल्ड अ बंगलो’. उलट ‘मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो नसतो’ हे आपल्याकडे संकेतार्थात जातं, आणि इंग्रजीत तेही त्याच मधल्या घरात: ‘इफ आय वेअर यू, आय वुडन्ट कीप क्वाएट’. इंग्रजीचं एक घर मराठीच्या दोन्ही घरांवर पसरलेलं आहे. म्हणून विद्यार्थी सर्वांत जास्त तिथेच अडखळतो.

‘पैसे असते तर मी ती गाडी घेतली असती.’ ही आजची खंत की पाच वर्षांपूर्वीची? मराठी ते संदर्भावर सोडते. इंग्रजीत मोघम राहता येत नाही. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय इट’. तेव्हाची असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट इट’. दोन ‘हॅड’ पाहून बिचकू नये. पहिला मदतीचा आहे, दुसरा ‘जवळ असणं’ सांगणारा.

आता सुरुवातीच्या चुकीकडे वळू. ‘कळलं असतं तर आलो असतो’ यात दोन्ही बाजूंना ‘असणे’चं तेच रूप येतं, म्हणून आपण ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे लावतो. इंग्रजीत ‘वुड’ सहसा परिणामाच्या बाजूलाच शोभतो. अटीच्या बाजूला नुसतं ‘हॅड’ पुरतं: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. ‘तो घरी असेल तर बोलव’ मधल्या ‘असेल’नेही असाच घोळ होतो. त्यातून ‘इफ ही विल बी अ‍ॅट होम’ निघतं, जिथे ‘इफ ही इज अ‍ॅट होम’ हवं. आणखी एक मौज म्हणजे मराठीत ‘जर’ गाळता येतो, ‘तर’ सहसा नाही. इंग्रजीत ‘देन’ गाळतात, ‘इफ’ बहुधा ठेवावाच लागतो.

क्रियापदात वेगळं घर नसलं तर तो विचारच करता येत नाही का? मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये चिनी भाषेबद्दल काहीसा असाच दावा केला होता. चिनीत ‘घडलं असतं तर’ दाखवणारं ठरावीक क्रियारूप नाही, त्यामुळे चिनी भाषकांना असा विचार जड जातो, असं त्यांचं म्हणणं. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ टेरी ऑ यांनी अशाच ‘घडलं असतं तर’च्या गोष्टी अस्सल, ओघवत्या चिनीत लिहून वाचायला दिल्या आणि वाचकांना त्या व्यवस्थित समजल्या. मला ऑ यांचा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. मधल्या घरात अडखळणाऱ्या मुलाची बुद्धी कमी पडत नसते, त्याला फक्त एका अनोळखी वाटणीची सवय करायची असते.

‘हॅड’ आला म्हणजे गोष्ट घडलीच नाही, हा नियमही अर्धाच खरा आहे. तत्त्वज्ञ अ‍ॅलन रॉस अँडरसन यांनी १९५१ मध्ये दिलेलं उदाहरण मराठीत असं होईल: ‘त्याने आर्सेनिक घेतलं असतं, तर आत्ता दिसताहेत नेमकी हीच लक्षणं दिसली असती.’ असं म्हणणारा डॉक्टर विषबाधा नाकारत नाही, उलट तिच्याकडेच बोट दाखवतो. रूपातून अंतर कळतं. ‘घडलं नाही’ हे बहुतेक वेळा ऐकणारा स्वतः ताडतो.

सरावासाठी तक्त्याऐवजी स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं घ्यावीत, तीही आधी मराठीत. प्रत्येक वाक्याला विचारावं: हे होऊ शकतं असं मला खरंच वाटतं का? वाटत असेल तर साधा वर्तमान आणि ‘विल’. वाटत नसेल तर पुढचा प्रश्न: गोष्ट आजची-उद्याची की होऊन गेलेली? आजची-उद्याची असेल तर साधा भूतकाळ आणि ‘वुड’. होऊन गेलेली असेल तर ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. मात्र हा दुसरा प्रश्न अट आणि परिणाम या दोन्ही बाजूंना वेगवेगळा विचारावा, कारण उत्तरं निराळी येऊ शकतात. ‘तेव्हा जर्मन शिकलो असतो तर आज म्युनिकला असतो’ यात अट जुनी आहे आणि परिणाम आजचा: ‘इफ आय हॅड लर्न्ट जर्मन, आय वुड बी इन म्युनिक नाऊ’. चार रकान्यांच्या तक्त्यात या वाक्याला जागा नसते, पण इंग्रजी बोलणारे ते सर्रास वापरतात.