मूतखड्यावरील उपचार

लघवीतले क्षार स्फटिकरूपाने साचून मूत्रपिंड, मूत्रवाहिनी किंवा मूत्राशयात जो खडा तयार होतो तो मूतखडा. आयुर्वेदात त्याला अश्मरी म्हणतात. त्याच्या उपचारात दोन निराळी कामे असतात : कळ थांबवणे आणि खडा घालवणे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे कित्येकांनी मूत्रपिंड गमावले आहे. खडा मूत्रवाहिनीत अडकला की वरून येणारी लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि कमरेतून जांघेकडे उतरणारी असह्य कळ सुरू होते. पुढे ती आपोआप थांबू शकते. खडा मात्र तिथेच बसलेला असतो आणि काही न दुखता मूत्रपिंड आतल्या आत निकामी होत जाते. ‘दुखायचं थांबलं, म्हणजे खडा पडला’ असे धरून न चालता फेरतपासणी करून घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

कोणता उपचार करायचा हे खड्याचा आकार, जागा आणि जात यांवर ठरते. मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंमी. लांब आणि आतून ३-४ मिमी. रुंद असते. मूत्रपिंडातून ती निघते तिथे, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून जाते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे ती अधिक अरुंद असते. खडे बहुधा याच ठिकाणी अडतात. ५ मिमी.पेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. ५ ते १० मिमी.च्या खड्यांपैकी सुमारे निम्मे पडतात. त्याहून मोठा खडा स्वतःहून पडण्याची आशा फारशी नसते. सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा निसटू शकतो. नेमकी जागा आणि आकार कळतो तो साध्या, औषध न टोचता केलेल्या सीटी स्कॅनवर. युरिक आम्लाचे खडे नेहमीच्या एक्स-रेत दिसत नाहीत, सीटीत दिसतात.

थंडी वाजून ताप येणे, लघवी पूर्ण बंद होणे, किंवा एकच मूत्रपिंड असलेल्याला अडथळा होणे, या वेळी थांबायचे नसते. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर काही तासांत ते रक्तात पसरून जीव धोक्यात येतो. अशा वेळी आधी खडा काढत नाहीत. मूत्रवाहिनीत नळी सरकवून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात, प्रतिजैविके देतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर खड्याकडे वळतात.

साध्या कळेसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके पहिल्या पसंतीची आहेत, मात्र मूत्रपिंडाचे काम आधीच मंदावलेल्या रुग्णाला ती जपून द्यावी लागतात. खडा खाली सरकावा म्हणून मूत्रवाहिनी सैल करणारे टॅम्सुलोसिन हे औषध देण्याची पद्धत आहे. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातल्या, ५ मिमी.हून मोठ्या खड्याला त्याचा काहीसा उपयोग होतो. त्याहून लहान खडा ते न घेताही पडतो. कळ चालू असताना घटाघट पाणी पिऊन खडा ढकलला जातो हा समज खरा नाही. अडथळ्याच्या वर दाब वाढून कळच वाढू शकते. भरपूर पाण्याचा खरा उपयोग खडा पुन्हा होऊ नये यासाठी आहे.

औषधाने खडा विरघळतो का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. युरिक आम्लाचा खडा विरघळतो. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीची आम्लता कमी केली की मोठे खडेही काही आठवड्या-महिन्यांत विरतात. पण बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते विरघळवणारे औषध आजवर सापडलेले नाही. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, गोखरू, वरुणाची साल हे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले उपाय आहेत. कढणाबरोबर पोटात पाणी जाते ते चांगलेच. लहान खडा तसाही पडणार असतो, मग श्रेय काढ्याला मिळते. १२ मिमी.चा अडकलेला खडा घेऊन सहा महिने काढा पीत राहणे मात्र मूत्रपिंडाला महागात पडते.

खडा बाहेरून फोडण्याची कल्पना विमानविद्येतून आली. स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, विमानावर पावसाचे थेंब आपटले की धातूत आघाततरंग निर्माण होतात आणि आतवर नुकसान करतात. जर्मनीतील डॉर्नियर या विमान-कंपनीत त्याचा अभ्यास चालू होता. हेच तरंग खड्यावर एकवटता येतील असा विचार पुढे आला, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्यूनिकला क्रिस्टियान शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा खडा शस्त्र न लावता फोडला. त्या काळी रुग्णाला पाण्याच्या हौदात बसवावे लागे; आताच्या यंत्रांत पाण्याची उशी पुरते. एका बैठकीत दोन-तीन हजार आघात देतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. फुटलेले कण लघवीवाटेच पडायचे असल्याने मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातला, फार कठीण किंवा २ सेंमी.हून मोठा खडा या उपचाराला सहसा नीट दाद देत नाही. कधी कणांची रांगच मूत्रवाहिनीत अडकून बसते. गरोदरपणात आणि रक्त गोठण्यात दोष असताना हा आघाततरंगांचा उपचार, म्हणजे लिथोट्रिप्सी, करत नाहीत.

आज मूत्रवाहिनीतल्या खड्यांवर सर्वाधिक वापरली जाते ती दुर्बीण. लघवीच्या मार्गानेच ती आत जाते, कुठेही छेद नसतो. होल्मियम लेसरने खडा फोडतात किंवा त्याची भुकटी करतात. वळणारी दुर्बीण मूत्रपिंडाच्या कप्प्यांपर्यंत पोचते. यानंतर मूत्रवाहिनी सुजून बंद होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना वळलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, अनेकदा ठेवतात. तो असेपर्यंत वारंवार लघवी लागते, कमरेत ओढ लागते, लघवीत रक्त दिसते. यात घाबरण्यासारखे नाही. धोका वेगळाच आहे. त्रास कमी झाला की रुग्ण स्टेंट काढायला येतच नाही. आत राहिलेल्या स्टेंटवर क्षारांची पुटे चढतात, तो काढायला मूळ खड्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया लागते आणि काही वेळा मूत्रपिंडही जाते. स्टेंट कोणत्या तारखेला काढायचा हे रुग्णाने आणि घरच्यांनी कागदावर लिहून घ्यावे, कॅलेंडरवर खूण करावी.

२ सेंमी.हून मोठ्या आणि सांबरशिंगासारख्या फांद्या फुटलेल्या खड्यांसाठी पाठीतून सुमारे १ सेंमी.चे छिद्र पाडून थेट मूत्रपिंडात दुर्बीण घालतात. ही पद्धत स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम व जोहान्सन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. रक्तस्राव हा तिचा मुख्य धोका. त्यासाठी छिद्र आणखी बारीक करण्याचे प्रयत्न झाले. या विद्येचे भारतातले एक मोठे केंद्र गुजरातेत नडियादला, मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालयात आहे. फांद्या असलेले खडे बहुधा जंतुसंसर्गातून होतात. तुकडा मागे राहिला तर त्यात जंतू राहतात आणि खडा परत वाढतो, म्हणून ते पूर्ण काढणे महत्त्वाचे. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आता क्वचितच लागते.

पूर्वी खड्याची शस्त्रक्रिया कशी असे याची नोंद सुश्रुतसंहितेत आहे. मूत्राशयातला खडा गुदद्वाराजवळून छेद घेऊन काढण्याची कृती तिथे दिली आहे. आणि त्याआधी बजावले आहे की शस्त्र न लावले तर मृत्यू ठरलेला, लावले तर संशय, म्हणून राजाची अनुमती घेऊनच वैद्याने हात घालावा. दोन्ही बाजू सांगून अनुमती घेण्याची ही किती जुनी जाणीव! युरोपात मूत्राशयातला खडा छेद न घेता आतल्या आत चुरण्याचे काम सिव्हियाल याने १८२४ मध्ये पॅरिसला केले.

खडा काढला तरी खडे होण्याची प्रवृत्ती उरतेच. काही न बदलता राहिल्यास निम्म्या लोकांना पुढच्या दहा वर्षांच्या आसपास पुन्हा खडा होतो. रोज दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात पाच वर्षांत जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के, तर इतरांपैकी २७ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्याला यासाठी किती तरी अधिक पाणी लागते, आणि बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून तहान मारणाऱ्या बायकांना नुसते ‘पाणी प्या’ सांगून भागत नाही.

खाण्याविषयीचे समज तपासून घ्यावेत. टोमॅटो आणि पेरूच्या बिया खडा बनवत नाहीत. दूधदुभते बंद करणे तर उलटच पडते : आतड्यात कॅल्शियम कमी पडले की ऑक्झलेट जास्त शोषले जाते. कमी मीठ, कमी मांसाहार व नेहमीइतके कॅल्शियम घेणाऱ्या पुरुषांत, कमी कॅल्शियम घेणाऱ्यांपेक्षा, पाच वर्षांत खडे सुमारे निम्म्याने कमी झाले, असे २००२ च्या अभ्यासात दिसले. पालक, बीट, बदाम यांचा अतिरेक टाळावा. लिंबाचे सरबत साखर-मीठ बेताने घालून रोज घ्यावे, त्यातले सायट्रेट उपयोगी असते. पडलेला खडा फेकू नये. लघवी गाळून तो जपून ठेवावा आणि प्रयोगशाळेत द्यावा. पुढचे पथ्य आणि औषध त्याच्या जातीवरूनच ठरते.